मांजर पकडायचा पिंजरा: घेण्याआधी मागचं दार बघा

घराभोवती भटकी मांजरं वाढली की लोक आधी अल्ट्रासॉनिक यंत्र घेतात आणि मग डांबराच्या गोळ्या टाकतात. यंत्राच्या आवाजाला मांजरं बऱ्याचदा सरावतात. डांबरगोळ्या विषारी असतात. फिनाईलही तितकंच वाईट, कारण त्यातलं फिनॉल निकामी करून शरीराबाहेर टाकायला मांजराचं यकृत फार कमी पडतं. हालचाल टिपून पाणी उडवणारा फवारा त्यातल्या त्यात बरा, पण त्याने मांजर फक्त पलीकडच्या आवारात जातं. संख्या रोखायची तर नसबंदी लागते, आणि जे मांजर माणसाला जवळ येऊ देत नाही त्याच्यासाठी पिंजरा लागतोच. तारेच्या जाळीचा, आतल्या पट्टीवर पाय पडला की दार बंद होणारा लांबट पिंजरा सगळीकडे मिळतो. वरवर सगळे सारखे दिसतात, पण तसे ते नसतात.

आधी लांबी मोजा. मोठ्या बोक्यासाठी 36 इंच उत्तम, 30 इंचांच्या खाली जाऊच नका. आखूड पिंजऱ्यात मांजराचे पुढचे पाय पट्टीवर पडतात तेव्हा मागचा भाग अजून उंबऱ्यावरच असतो. दार पाठीवर किंवा शेपटीवर आपटतं आणि मांजर उलटं बाहेर पडतं. असं एकदा निसटलेलं मांजर पुढे पिंजऱ्याकडे फिरकत नाही. रुंदी आणि उंची 11-12 इंच पुरे. त्याहून जास्त जागा असली तर मांजर आत गरकन वळतं आणि धडपडून स्वतःला इजा करून घेतं.

किंमत वसूल होते ती मागच्या बाजूला वर सरकणाऱ्या दारामुळे. खाणं तिथूनच ठेवायचं, पकडलेलं मांजर तिथूनच दुसऱ्या पिंजऱ्यात घालायचं आणि सोडतानाही तेच उघडायचं. हे दार नसलेला पिंजरा स्वस्त पडतो, पण पाणी द्यायचं झालं तरी पुढचं दार उघडावं लागतं आणि तेवढ्या फटीतून मांजर पसार होतं. दोन्ही बाजूंनी आत शिरता येतं म्हणून खपवले जाणारे दुतोंडी पिंजरे तर घेऊच नका. त्यांची पट्टी मधोमध असते, म्हणजे लांबी प्रत्यक्षात निम्मीच उरते, आणि दोन दारं जोडणारी तार वाकली की एक दार अर्धवटच पडतं.

पुढचं दार स्प्रिंगचं आहे की स्वतःच्या वजनाने पडणारं, हेही विचारून घ्या. वजनाने पडणाऱ्या दाराचा आवाज कमी, पण पिंजरा सपाट जागेवर नसला तर ते तिरकं अडकतं. दोन्हींत दार पडल्यावर आपोआप बसणारी खिट्टी हवीच, कारण घाबरलेलं मांजर नाकाने दार वर ढकलतं. जाळीची भोकं 1 इंच रुंद आणि अर्धा इंच उंच असली तर बरं. मोठ्या भोकांतून पंजा बाहेर येतो, आणि तो तुमच्या हातापर्यंत पोचतो.

पट्टी किती हलकी आहे हे घरीच तपासता येतं. अर्धा लिटर पाण्याने भरलेली बाटली अलगद पट्टीवर ठेवा. दार पडलं नाही तर लहान पिल्लू खाऊन आरामात निघून जाईल. पट्टीवर पुठ्ठ्याचा लांब तुकडा चिकटवला की पाय पडायची जागा वाढते. तळाशी वर्तमानपत्र घाला, कारण तारेवर पाय ठेवायला मांजर कचरतं. कागद कडेने चिकटवून टाका, नाहीतर वाऱ्याने फडफडतो आणि सगळं मुसळ केरात. पट्टीखाली मात्र कागदाचा चोळामोळा अडकू देऊ नका, चाप बसत नाही.

रोजचं खाणं आदल्या दिवसापासून बंद ठेवा, पाणी चालू ठेवा. आमिष म्हणून तेलकट, उग्र वासाचा मासा वापरा. मुख्य घास पट्टीच्या पलीकडे अगदी मागे ठेवा आणि दारापासून तिथपर्यंत अगदी बारीक तुकडे टाका. वाटी ठेवू नका, धडपडीत लागते. शस्त्रक्रियेआधी किती तास उपाशी ठेवायचं ते डॉक्टरांकडूनच घ्या, कारण पिल्लांना फार वेळ उपाशी ठेवलं तर त्यांची साखर उतरते.

पिंजरा लावून निघून जाणं हा सर्वांत मोठा गाढवपणा. ऊन, मुंग्या, कुत्रे, काहीही येतं. दिसेल इतक्या अंतरावर थांबा. दार पडलं की लगेच जाड चादरीने पूर्ण झाका. अंधारात मांजर बऱ्यापैकी शांत होतं. पोटाखालचे केस गेलेले आणि सड ओढलेले दिसले तर पिल्लं जवळच कुठेतरी आहेत. अशा भाटीला (मादीला) पिल्लांपासून फार वेळ दूर ठेवू नका. कानाचं टोक सरळ कापलेलं असेल तर नसबंदी झालेली आहे, तिथेच सोडून द्या.

एकच ठरावीक मांजर हवं असेल तर चाप बाजूला ठेवा. पाण्याने भरलेल्या बाटलीवर दार टेकवा, बाटलीला दोरी बांधा आणि हवं ते मांजर आत गेलं की दोरी ओढा. पिंजऱ्याची धास्ती घेतलेल्यांसाठी वरून पाडायचा पिंजरा मिळतो. त्यातून मांजर काढायलाही मागच्या सरकत्या दाराचाच पिंजरा जोडावा लागतो.

शस्त्रक्रियेनंतर बोक्याला साधारण 24 तास आणि भाटीला 24 ते 48 तास याच पिंजऱ्यात, झाकून, उबदार जागी ठेवायचं. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत खाणं नाही. मग जिथून पकडलं तिथेच सोडायचं. लांब नेऊन सोडलं तर मोकळ्या जागेत दुसरी मांजरं येतात. बोक्याच्या मुताचा उग्र दर्प लगेच जात नाही, काही आठवडे लागतात. चावलं किंवा ओरबाडलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

पुढच्या मांजराआधी पिंजरा साध्या पाण्याने घासून घ्या. मग 1 भाग ब्लीच आणि 32 भाग पाणी लावून 10 मिनिटं ठेवा. मांजरांच्या पॅनल्यूकोपेनिया या जीवघेण्या आजाराचा विषाणू साध्या जंतुनाशकांना दाद देत नाही. आधी मूत धुऊन निघायलाच हवं, त्यातला अमोनिया ब्लीचला भेटला की घातक वायू तयार होतो. शेवटी भरपूर पाण्याने विसळून वाळवा, नाहीतर जाळीवरचा जस्ताचा थर निघून खिट्टी गंजते आणि दार अडकायला लागतं.