बाटलीच्या काचेचे दागिने: भट्टी की टॉर्च?

रिकाम्या बाटल्या जमवून बसलेल्या मैत्रिणीचा प्रश्न: आधी विजेची भट्टी घेऊ की टॉर्च, म्हणजे काच वितळवायची गॅसची ज्योत?

खर्चात टॉर्च स्वस्त दिसते. पण ज्योतीवर केलेला मणीही साधारण 550 अंश सेल्सिअसवर ठेवून सावकाश निववावा लागतो. नाहीतर काचेत ताण राहतो आणि चांगला दिसणारा मणी नंतर कधीतरी आपोआप तडकतो. म्हणजे छोटी का होईना, भट्टी आलीच.

मेहनतीचं म्हणाल तर बाटलीची काच ज्योतीवर फार हट्टी. घाईने आत नेली की टचकन उडते, मऊ झाली तरी लगेच घट्ट होते. माझे पहिले कित्येक मणी असेच गेले. भट्टीत तुकडे रचायचे, 800 अंशांच्या आसपास वितळवायचे आणि पार निवेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही. हे शेवटचं मला अजून जमत नाही.

दोन्हीकडे एका दागिन्याला एकाच बाटलीची काच वापरा. दोन काचांचं तापल्यावरचं प्रसरण जुळलं नाही तर सांधा तडकतो.

कानातल्यांच्या सारख्या जोड्या, पेंडंट हवेत तर भट्टी. प्रत्येक मणी निराळा हवा आणि बोटं पोळायची तयारी असेल, तर टॉर्च.