पाय थांबत नाहीत, मग पैसा कुठे घालायचा? फिक्स्ड गिअरचे सुटे भाग आणि मापाची फ्रेम बॅग

फिक्स्ड गिअर सायकलला मागे फ्रीव्हील नसतं. चाक फिरतंय तोवर पेडल फिरणारच, आणि पेडल मागे रेटलं की पायाचा सगळा जोर चेनमधून कॉगवर (मागच्या दातेरी चकतीवर) आणि कॉगमधून हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, आट्यांवर येणार. एवढं ध्यानात ठेवलं की कुठे सढळ हाताने खर्च करायचा आणि कुठे हात आखडता घ्यायचा, हे बरंचसं ठरून जातं. प्रत्यक्षात बरेच जण उलटं करतात. डीप रिम आणि रंगीत चेनरिंगवर (पेडलपाशी असलेल्या दातेरी चकतीवर) हजारो रुपये जातात, आणि हबसोबत आलेली पातळ लॉकरिंग, म्हणजे कॉगला जागेवर धरणारी रिंग, तशीच राहते.

म्हणून सुरुवात तिथूनच. ट्रॅक हबवर आट्यांच्या दोन पायऱ्या असतात. आतली मोठी, १.३७ इंच व्यासाची, इंचाला २४ आटे, नेहमीसारखे उजवे. तिच्यावर कॉग बसतो. बाहेरची जरा लहान, १.२९ इंच, आटे २४च पण उलटे. तिच्यावर लॉकरिंग. पेडल मागे रेटलं की कॉग सुटायला बघतो, आणि सुटताना लॉकरिंगला आणखी आवळायच्या दिशेने ढकलतो, म्हणून तो जागेवर राहतो. पण दोघांमध्ये केसभर जरी फट राहिली तरी प्रत्येक स्किडला, म्हणजे पाय अडवून मागचं चाक घसरवताना, कॉग तेवढा मागेपुढे हलतो. कॉग पोलादी, हबचे आटे अ‍ॅल्युमिनियमचे. झिजणार कोण ते सांगायला नको. आटे गेले की हब गेलं, आणि हब गेलं की सगळे आरे सोडून चाक नव्याने बांधणं आलं. चांगला कॉग आणि जाड पोलादी लॉकरिंग यांचा खर्च त्यापुढे किरकोळ आहे.

कॉगमध्ये शिमानो ड्युरा-एस ७६०० हा आजही सर्वांत बिनधोक सौदा. आटे स्वच्छ कापलेले, दात गोल, चेन शांत चालते. अडचण एकच: तो १३ ते १६ दातांतच येतो. १७ किंवा १८ दात हवे असतील, आणि चढ-उताराच्या गावात ते हवेच असतात, तर सर्लीचा क्रोमोली कॉग घ्यावा. तो ३/३२ इंची, म्हणजे पातळ दातांचा आहे, पण त्यावर १/८ इंची रुंद चेन चालते, थोडा आवाज करते इतकंच. उलटं मात्र जमत नाही: ३/३२ची चेन १/८च्या दातांवर बसतच नाही. मिकेची पद्धत वेगळी. त्यात आटे असलेली एक चकती हबवर कायमची बसते आणि कॉग तिच्या खाचांवर सरकवून बसवतात. दर आठवड्याला गिअर बदलणाऱ्या ट्रॅकवरच्या स्पर्धकाला ही सोय सोन्यासारखी. रस्त्यावर रोज चालवणाऱ्याला तिची गरज नाही.

बसवताना आट्यांना ग्रीस लावायचं. कोरडे आटे आवळल्यासारखे वाटतात, पण पूर्ण बसलेले नसतात. कॉग आधी हाताने फिरवायचा. पहिल्या दोन फेऱ्यांत अडला तर आटे तिरके लागलेत, लगेच काढायचा. मग चेन-व्हिपने (चेनचा तुकडा लावलेल्या दांड्याने) अंगचा जोर लावून आवळायचा, लॉकरिंग हुकवाल्या पान्याने उलट्या दिशेला आवळायची, एक चांगला चढ उभ्याने चढायचा आणि उतरून लॉकरिंग पुन्हा आवळायची. चढावर कॉग आणखी थोडा आत जातो, आणि तीच ती केसभर फट. ही शेवटची पायरी गाळल्यामुळेच बहुतेक हब मरतात. छिन्नी-हातोड्याने लॉकरिंग ठोकणाऱ्या दुकानात चाक देऊ नये; खाचा फाटल्या की पुढच्या वेळी पाना धरत नाही.

हब फॉर्म्युलाचं पुरे. सीलबंद कार्ट्रिज बेअरिंग आहेत, पावसाळ्यानंतर खरखर लागली तर सीलवर छापलेला क्रमांक बेअरिंगच्या दुकानात सांगायचा आणि जोडी बदलायची. ड्युरा-एस ट्रॅक हब फिरतं अप्रतिम, पण त्यात सुटे छरे आहेत. ते उघडून, पुसून, ग्रीस भरून, कोन (छऱ्यांना दाबून धरणारा शंकूसारखा नट) नेमका जुळवावा लागतो. ज्याला हे काम आवडतं त्यानेच ते घ्यावं. मागच्या ट्रॅक हबची रुंदी १२० मिलिमीटर असते. जुन्या गिअरवाल्या रोड फ्रेमचे ड्रॉपआउट (चाकाचा अ‍ॅक्सल बसतो त्या खाचा) १२६ किंवा १३० असतात, त्यामुळे वॉशर घालावे लागतात. नट आवळून फ्रेम दाबून घेणं हा उपाय नव्हे.

आपल्याकडे जुन्या काळ्या रोडस्टरचं फिक्स्ड करायची हौस बऱ्याच जणांना असते. मागे तोंड असलेले ड्रॉपआउट असल्याने चेन ताणायला ती फ्रेम खरंच सोयीची आहे. पण तिच्या हबला उलट्या आट्यांची दुसरी पायरी नसते. फ्रीव्हीलच्या आट्यांवर कॉग चढवून वर बॉटम ब्रॅकेटची (क्रँक ज्यात फिरतो त्या बेअरिंगच्या भागाची) रिंग आवळली, तर दोन्ही एकाच दिशेने सुटतात. लॉकटाइटवर (आटे चिकटवणाऱ्या गोंदावर) भरवसा ठेवून असं चाक रहदारीत नेऊ नये, एवढं स्पष्ट सांगायला हवं. शिवाय क्रँक दांड्याला धरून ठेवणारी कॉटर पिन दोन्ही बाजूंच्या धक्क्यांनी लवकर ढिली होते. हा प्रकल्प ट्रॅक हबचं नवं चाक बांधून घेणार असाल तरच हाती घ्या.

क्रँकमध्ये सुगिनोचे दोन पर्याय नेहमी समोर येतात. सुगिनो ७५ हा जपानी केइरिनच्या (ट्रॅकवरच्या सायकल शर्यतीच्या) मान्यतेचा, १४४ मिमी बोल्टवर्तुळाचा, म्हणजे चेनरिंगचे बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास. आरडी२ हा रस्त्यासाठीचा, १३० मिमीचा. ७५ची किंमत दुपटीहून जास्त. ते देखणं काम आहे, चेनरिंगची गोलाई इतकी नेमकी की चेनचा ताण पूर्ण फेरीत एकसारखा राहतो. पण १३०ची चेनरिंग मिळायला सोपी, आणि रोजच्या वापरात आरडी२ कुठेच कमी पडत नाही. यातला लपलेला खर्च बॉटम ब्रॅकेटचा. आरडी२ला १०३ मिमी लांबीची जेआयएस (जपानी मापाची) स्पिंडल, म्हणजे क्रँक बसतो तो दांडा, लागते. दुकानात ११०ची सहज मिळते, दुकानदार ‘चालतंय’ म्हणतो, आणि चेनरिंग साडेतीन मिलिमीटर बाहेर जाते. मग चेन कुरकुरते, दात एका बाजूने झिजतात, आणि ढिली असेल तर उतारावर पडते. फिक्स्डवर चेन पडणं म्हणजे पायाचा ब्रेक जाणं, आणि ती कॉगशेजारी अडकली तर चाकच जाम होणं.

चेनलाइन, म्हणजे फ्रेमच्या मध्यापासून चेनचं अंतर, घरी मोजता येते. पुढे: सीट ट्यूबचा व्यास २८.६ असेल तर त्याचा निम्मा १४.३, त्यात नळीच्या कडेपासून दाताच्या मध्यापर्यंतचं अंतर मिळवायचं. बेरीज ४२च्या आसपास हवी. मागे: १२०चा निम्मा ६०, त्यातून ड्रॉपआउटच्या आतल्या बाजूपासून कॉगच्या मध्यापर्यंतचं अंतर वजा करायचं. दोन आकड्यांत एक-दीड मिमीहून जास्त फरक नको.

केइरिनचा विषय निघालाच आहे तर एनजेएसच्या, म्हणजे केइरिनसाठी मान्य सामानावरच्या, शिक्क्याबद्दल. १९४८ साली जपानमधल्या कोकुरात सुरू झालेल्या या शर्यतीत लोक पैसे लावतात, त्यामुळे सगळ्या स्पर्धकांचं सामान एकाच तोडीचं असावं म्हणून तो शिक्का आला. तो मजबुतीची आणि सारखेपणाची हमी देतो. हलकेपणाची किंवा वेगाची नाही. केवळ शिक्क्यासाठी जुन्या हँडलबारला दुप्पट पैसे मोजणं रस्त्यावरच्या सायकलला पटत नाही. जुना अ‍ॅल्युमिनियम हँडलबार तर घेऊच नये. स्टेमच्या पकडीत पडलेली चीर बाहेरून दिसत नाही.

चेन केएमसीची साधी १/८ची झेड १ उत्तम. स्वस्त आहे, कुठेही मिळते, आणि झिजली की टाकून देताना जीव हळहळत नाही. पूर्ण हाफ-लिंक चेन दिसायला छान, पण तिची प्रत्येक पट्टी वाकडी असल्याने ती लवकर लांबते; ड्रॉपआउटमध्ये चाक नीट बसत नसेल तर साध्या चेनमध्ये एकच हाफ-लिंक घालावी. नव्या चेनच्या २४ कड्या ३०४.८ मिमी भरतात. पट्टी लावून ३०६.५च्या पुढे भरल्या की बदलायची, नाहीतर ती महागडा कॉग खाते. ताण असा हवा की खालची चेन मधोमध बोटाने सुमारे एक सेंटिमीटर हलेल. तारेसारखी ताणलेली चेन बेअरिंग मारते.

दातांचं गणित फुकट आहे, आणि टायरचा खर्च तेच ठरवतं. चेनरिंग आणि कॉगच्या दातांचा अपूर्णांक संक्षिप्त केला की खालचा आकडा म्हणजे एकाच पायाने स्किड करणाऱ्याच्या टायरवर झिजणाऱ्या जागा. ४८/१६ म्हणजे ३/१: टायर एकाच जागी घासून महिन्याभरात फाटू शकतो. ४६/१७ला त्याच १७ जागा मिळतात. ७०० बाय २८च्या टायरवर ४६/१७ एका फेरीत ५.७८ मीटर जातं. मिनिटाला ९० फेऱ्यांना ताशी ३१ किलोमीटर. हे सपाटीला छान. पण उतारावर ५० गाठलं तर पायांना १४४ फेऱ्या माराव्या लागतात. सिंहगडासारखा रस्ता नेहमीचा असेल तर ४४/१८ घ्या, ९ जागा मिळतात, आणि पुढचा ब्रेक हवाच. फ्रेम निवडतानाच फोर्कला ब्रेकचं भोक आहे का ते बघायचं. अस्सल ट्रॅक फोर्कला बऱ्याचदा ते नसतं.

आता बॅग. बाजारातल्या तयार फ्रेम बॅगा बहुतेक मोठ्या त्रिकोणाच्या ग्रॅव्हल (कच्च्या रस्त्याच्या) आणि एमटीबी (डोंगरी) फ्रेमसाठी बेतलेल्या असतात. ट्रॅक फ्रेमचा त्रिकोण आखूड आणि उभट. त्यात तयार बॅग घातली की पुढे सुरकुती, मागे पोकळी आणि मधे फुगवटा. गिअरच्या सायकलवर मांडीला बॅग लागली तर माणूस क्षणभर पेडल थांबवून सरकतो. इथे ती मुभा नाही. मिनिटाला ९० फेऱ्यांनी तासाभरात प्रत्येक मांडी ५,४०० वेळा घासणार. त्यामुळे फिक्स्डसाठी मापाची बॅग ही चैन नाही, आणि तिच्यात सर्वांत महत्त्वाचं माप लांबी-उंचीचं नसून जाडीचं आहे.

माप असं द्या. जाड पुठ्ठा त्रिकोणात बसवून कापायचा, कोपऱ्यांतल्या वेल्डच्या गोलाईसकट. त्यावर बाटलीच्या स्क्रूच्या जागा, ब्रेक केबल आणि ‘उजवी बाजू’ असं लिहायचं. नुसता फोटो पाठवून माप देऊ नये, कॅमेऱ्याच्या कोनाने दोन सेंटिमीटरचा घोळ होतो. तयार बॅग प्रत्येक बाजूने सुमारे ५ मिमी लहान असावी, म्हणजे पट्टे ताणल्यावर ती तट्ट बसते. शिवणीचा १ सेंटिमीटर वेगळा, तो कारागिराने धरायचा. दोघांनीही वजा केला तर बॅग लोंबते. जाडी पुढे हेड ट्यूबकडे ६ सेंटिमीटर, मागे सीट ट्यूबकडे ४.५. सगळीकडे ६ शिवणारा कारागीर काम सोपं करून घेत असतो. आतून ३ मिमी फोमचा थर आणि मधे वेल्क्रोचा एक उभा पडदा मागून घ्या. पडदाच दोन्ही बाजूंना आत धरून फुगवटा रोखतो.

कापड म्हणून १००० डेनियरचं (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) कॉर्ड्युरा, म्हणजे जाड नायलॉन, घासायला दणकट, पण शिवायला जाड आणि भिजलं की जड. एक्स-पॅक हे थर चिकटवलेलं कापड हलकं, पाणी आत येऊ देत नाही, महाग. मात्र पाणी कापडातून नव्हे, सुईच्या भोकांतून येतं. शिवणीवर आतून टेप लावलेली नसेल तर एक्स-पॅकचे जादा पैसे वाया गेले समजा. आमचा कौल ५०० डेनियर कॉर्ड्युरा, आतून पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंग, शिवणींना टेप, आणि तळाच्या कोपऱ्यात पाणी निघायला एक छोटं रिंगवालं भोक.

झिपला शिवणकामात चेन म्हणतात; इथे घोळ नको म्हणून झिपच म्हणू. बॅग मरते ती झिपने. ५ नंबरची झिप घेऊच नका, ताणलेल्या बॅगेवर ती उसवते. वायकेकेची ८ किंवा १० नंबरची कॉइल झिप हवी. ‘वॉटरप्रूफ’ लेपवाली झिप कडक असते आणि कोपऱ्यावरच्या वळणावर लेप सोलतो. त्यापेक्षा साधी झिप आणि वर कापडाची झाप जास्त टिकते. आधी झिजतो तो रनर. चिखल वाळला की मऊ ब्रशने झाडायचा, ओल्या मातीवर रनर ओढायचा नाही. नवा रनर बॅगवाला काही मिनिटांत घालून देतो, पण झिपची दोन्ही टोकं शिवणीत पुरलेली असतील तर एक टोक उसवावं लागतं, हे ऑर्डर देतानाच बोलून घ्या.

शेवटचा मुद्दा पट्ट्यांचा. खाली, डाउन ट्यूबच्या टोकाशी, चेनरिंग अगदी जवळ फिरते. लोंबणारं वेल्क्रोचं टोक, झिपची दोरी, सैल बंद, यांतलं काहीही चेनमध्ये गेलं तर ओढलं जातच राहतं, कारण पाय थांबवून ते थांबत नाही. तिथे वेल्क्रोऐवजी बकलचा रबरी पट्टा, बकल डाव्या बाजूला, टोक कापून लूपमध्ये खोचलेलं. झिपची दोरी बोटभरच. पट्ट्यांखाली फ्रेमवर पारदर्शक संरक्षक फिल्म, नाहीतर अडकलेली धूळ पहिल्याच पावसात रंग खरवडते. चाकाच्या नटांचा १५चा पाना फडक्यात गुंडाळून सर्वांत खालच्या कोपऱ्यात ठेवायचा. सगळं बांधून झालं की सायकल उचलून मागचं चाक हाताने पूर्ण दहा फेरे फिरवा, आधी रिकाम्या बॅगेने आणि मग भरलेल्या. भरल्यावर क्रँक कापडाला घासल्याचा आवाज आला, तर बॅग परत करून मागची जाडी अर्धा सेंटिमीटर कमी करून घ्या.