बांबोळी की खासगी रुग्णालय? हृदयरुग्णाने समाधान कशावरून जोखावे

अँजिओग्राफीचा, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या तपासणीचा, अहवाल हातात आहे, डॉक्टरांनी स्टेंट (वाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी) किंवा बायपास (बंद वाहिनीला वळसा देणारी शस्त्रक्रिया) सुचवला आहे आणि निर्णयासाठी आठ-पंधरा दिवसांची सवड आहे, अशा गोव्यातील कुटुंबांसाठी हा आढावा आहे. छातीत कळ येऊन दरदरून घाम फुटला असेल, तर तुलना करीत बसण्याचे कारण नाही. तेव्हा 108 ला फोन करावा आणि ईसीजी काढता येईल असे जवळचे केंद्र गाठावे. गोव्यात यासाठी स्टेमी, म्हणजे हृदयविकाराच्या तीव्र झटक्यावरील, प्रकल्पाची साखळी उभी आहे. आरोग्य केंद्रात काढलेला ईसीजी हृदयरोगतज्ज्ञांकडे जातो, गरज असल्यास रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तिथेच दिले जाते आणि मग रुग्ण बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे आपल्या जीएमसीत, पोहोचवला जातो. काणकोणहून बांबोळी साठ किलोमीटरांहून अधिक आहे. इतके अंतर कापून मग उपचार सुरू करण्यापेक्षा वाटेतच सुरू करणे किती मोलाचे आहे, हे सांगायला नको.

या तातडीच्या उपचारांचा इथे उल्लेख करण्याचे आणखी एक कारण आहे. शेजारी, नातेवाईक किंवा देवळातल्या ओळखीचे गृहस्थ जेव्हा एखाद्या रुग्णालयाची तोंडभरून स्तुती करतात, तेव्हा ती पुष्कळदा झटक्यातून वाचलेल्या माणसाची कृतज्ञता असते. ती खरी असते, पण ठरवून करायच्या शस्त्रक्रियेसाठी ती फारशी उपयोगी पडत नाही. म्हणून त्यांना आधी दोन गोष्टी विचाराव्यात: उपचार तातडीचा होता की ठरवून केलेला, आणि हे मत घरी परतल्याच्या दिवसाचे आहे की तीन महिन्यांनंतरचे? घरी निघण्याच्या आनंदात रुग्ण सर्वांना चांगले म्हणतो, बिलाच्या खिडकीशी उभा असलेला त्याचा मुलगा सर्वांना वाईट म्हणतो, आणि दोघांचेही मत पुढे बदलते.

रुग्णाचे समाधान आणि उपचाराचा दर्जा यांचा संबंध आहे की नाही, यावर अभ्यास झालेले आहेत. अमेरिकेतील 25 रुग्णालयांमधील हृदयविकाराच्या झटक्याच्या रुग्णांची पाहणी 2010 मध्ये प्रसिद्ध झाली. जिथे रुग्ण अधिक समाधानी होते तिथे उपचार मार्गदर्शक तत्त्वांना अधिक धरून होते आणि रुग्णालयातील मृत्यूचे प्रमाणही कमी होते, असे तीत दिसले. एकूण समाधानावर सर्वांत मोठा प्रभाव परिचारिकांच्या सेवेचा होता. त्यानंतर दोनच वर्षांनी, 2012 मध्ये, सर्वसाधारण रुग्णांच्या एका मोठ्या अभ्यासात अगदी उलट चित्र आले: सर्वांत समाधानी असलेल्यांचा खर्च अधिक होता आणि मृत्यूचे प्रमाणही अधिक होते. माझ्या मते यातून एवढेच घ्यावे की ‘छान वाटले’ हे एकटे उत्तर पुरेसे नाही. कशामुळे छान वाटले, तेही विचारावे.

आता प्रत्यक्ष तुलना. एका बाजूला जीएमसी, ज्याची परंपरा 1842 साली पोर्तुगीज राजवटीत स्थापन झालेल्या वैद्यकीय शाळेपर्यंत जाते आणि ज्यावर जुन्या पिढीचा जवळजवळ घरच्यासारखा विश्वास आहे. दुसऱ्या बाजूला दोनापावला, जुने गोवे आणि मडगाव इथली खासगी रुग्णालये, जिथे हृदयरोगाचे उपचार होतात.

खोली, स्वच्छतागृह, नातेवाईकाला झोपायला पलंग, या बाबतीत खासगी रुग्णालय पुढे आहे आणि त्यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

पैशाचा प्रश्न वरवर सोपा वाटतो, पण तसा तो नाही. जीएमसीत गोव्यातील रहिवाशाला पैशाची धास्ती जवळजवळ नसते, आणि ही धास्ती नसणे हा समाधानाचा फार मोठा भाग आहे. माणूस आयसीसीयूत, म्हणजे हृदयरुग्णांच्या अतिदक्षता विभागात, पडून उद्याच्या डिपॉझिटचा हिशेब करीत नाही. खासगी रुग्णालयात गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड चालू शकते. 2016 मध्ये सुरू झालेल्या या योजनेत तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण ठेवलेले आहे. परंतु आपली नेमकी प्रक्रिया, आपण निवडलेल्या रुग्णालयात, या कार्डावर होते की नाही, हे भरती होण्यापूर्वी खिडकीवर विचारून घ्यावे. ‘कार्ड चालते’ हे उत्तर अर्धवट असते. स्टेंटच्या किमतीवर केंद्र सरकारने फेब्रुवारी 2017 पासून कमाल मर्यादा घातली आहे. त्यामुळे दोन खासगी रुग्णालयांच्या अंदाजपत्रकांत मोठी तफावत दिसली, तर ती बहुधा स्टेंटमध्ये नसून खोली, साहित्य आणि शुल्क यांत असते. अंदाजपत्रक लेखी आणि बाबवार मागावे. सावंतवाडी-दोडामार्गहून येणाऱ्या आपल्या नातेवाइकांनी लक्षात ठेवावे की जीएमसीत गोव्याबाहेरील रुग्णांना 2018 पासून शुल्क लागते.

समजावून सांगण्याच्या बाबतीत माझा अनुभव संमिश्र आहे. खासगी रुग्णालयात मुख्य डॉक्टर स्वतः बसून चित्र काढून कोणती वाहिनी किती बंद आहे ते सांगतात, पण ते बहुधा निर्णय होईपर्यंत. त्यानंतर त्यांची गाठ राउंडच्या दोन मिनिटांपुरती पडते. जीएमसीत उलट घडते. सुरुवातीच्या ओपीडीच्या गर्दीत प्रश्न विचारायचे धाडस होत नाही, मात्र वॉर्डात शिकाऊ निवासी डॉक्टर दिवसातून अनेकदा येतात, आणि त्यांना वेळ साधून विचारले तर ते मनापासून सांगतात. वारंवार होणारी तपासणी आणि विद्यार्थ्यांचा घोळका काही रुग्णांना नकोसा होतो, तर काहींना त्याचाच धीर वाटतो. आपला माणूस यांपैकी कोणत्या स्वभावाचा आहे, हे घरच्यांनाच ठाऊक असते.

भाषा ही बाब अशा तुलनांमध्ये सहसा येत नाही, म्हणून ती मुद्दाम लिहितो. सत्तरी किंवा पेडणे तालुक्यातल्या सत्तर वर्षांच्या माणसाला हिंदी समजते, पण दुखणे हिंदीत सांगता येत नाही. ‘छातीत कसेसेच होते’ आणि ‘छातीत दुखते’ यांतला फरक मराठी-कोकणी समजणाऱ्या परिचारिकेलाच चटकन कळतो. रात्रपाळीला अशी एखादी व्यक्ती असते का, हा प्रश्न दोन्हीकडे विचारण्याजोगा आहे. आहारतज्ज्ञांचेही तसेच. पोळी-भाजीचा छापील तक्ता हातात देऊन शीत-कढीवर (भात-कढीवर) वाढलेल्या माणसाचे काय होणार? मिठातली तोरे (कोवळ्या कैऱ्या), सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर आणि पेजेबरोबरचे लोणचे, मीठ खरे तिथे असते, आणि तक्त्यात यांतले काहीच नसते.

प्रतीक्षेबद्दल थोडक्यात: ठरवून करायच्या शस्त्रक्रियेची तारीख जीएमसीत लांबू शकते, खासगीत ती लवकर मिळते. आपल्या दुखण्याला थांबण्याची मुभा आहे का, हे आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना थेट विचारावे. थांबता येत असेल तर केवळ लवकर तारीख मिळते म्हणून कर्ज काढणे मला योग्य वाटत नाही. थांबता येत नसेल, तर तसे दोन्हीकडे स्पष्ट सांगावे.

मात्र माझ्या मते निर्णयाचे खरे वजन डिस्चार्जच्या दिवसावर असावे, आणि याच ठिकाणी दोन्ही बाजू कमी पडतात. माझ्या सासऱ्यांच्या वेळी एका रुग्णालयात सकाळी दहाला ‘आज घरी जा’ असे सांगितले आणि कागद संध्याकाळी सहाला हाती पडले. त्या आठ तासांत कोणीही जवळ बसून गोळ्या समजावून दिल्या नाहीत. जुन्या रक्तदाबाच्या गोळ्या सुरू ठेवायच्या की बंद करायच्या, हे आम्हाला चौथ्या दिवशी गावातल्या डॉक्टरांकडून कळले. तोवर त्या रुग्णालयातील खोली, जेवण आणि शिष्टाचार यांना आम्ही उत्तम गुण देऊन बसलो होतो.

झटक्यानंतर स्टेंट बसवलेल्या रुग्णाला रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या साधारणपणे वर्षभर घ्याव्या लागतात. दात काढायचा म्हणून दंतवैद्याच्या सांगण्यावरून किंवा बरे वाटते म्हणून स्वतःच्या मनाने त्या मध्येच थांबवल्या, तर स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा धोका असतो. बायपासनंतर छातीचे हाड सांधायला साधारण दोन-तीन महिने लागतात. तोवर घागर उचलायची की नाही, स्कूटर कधी चालवायची, देवळाच्या पायऱ्या कधी चढायच्या, हे प्रश्न घरी पोहोचल्यावरच पडतात. व्यायाम, आहार आणि मनाची उभारी यांचा मेळ घालणारा हृदय-पुनर्वसनाचा कार्यक्रम पुन्हा भरती होण्याची शक्यता कमी करतो, परंतु त्याबद्दल विचारणारे रुग्ण फार थोडे.

म्हणून भरतीपूर्वी दोन्ही ठिकाणी मी हेच विचारीन: घरी गेल्यावर रात्री शंका आली तर फोन कोणी उचलतो, पहिली फेरतपासणी कधी आणि त्याच डॉक्टरांकडे का, गोळ्यांची यादी मराठीत लिहून मिळेल का, व्यायाम कोण शिकवतो? उत्तरे सारखीच आली आणि कार्ड नसेल, तर मी बांबोळीला जाईन. घरात रात्री सोबत बसायला कोणी नसेल आणि योजनेत प्रक्रिया बसत असेल, तर खासगी रुग्णालय निवडीन, आणि यादीतली पहिली गोळी कशासाठी आहे हे समजल्याखेरीज तिथून निघणार नाही.