भर दुपारी पोर्ट्रेट: फिल फ्लॅश का रिफ्लेक्टर?

साताऱ्यात प्री-वेडिंग म्हटलं की संगम माहुलीचा घाट नाहीतर अजिंक्यतारा, आणि पार्टी उगवणार भर बाराला, मग डोळ्याखाली काळ्या सावल्या ठरलेल्याच. रिफ्लेक्टर (ऊन परतवून चेहऱ्यावर टाकणारा फलक) स्वस्त, उजेड कुठं पडतोय ते तिथंच दिसतं, पण धरायला माणूस लागतो, किल्ल्यावरच्या वाऱ्यात त्याच्या नाकी नऊ येतात, आणि चंदेरी बाजू तोंडावर मारली की नवरी डोळेच मिटते (पांढरी वापरा राव).

फिल फ्लॅशला, म्हणजे चेहऱ्यावरच्या सावल्या भरायला मारलेल्या फ्लॅशला, माणूस नको. पण बऱ्याच कॅमेऱ्यांचा सिंक स्पीड (फ्लॅशसोबत चालणारा सगळ्यात वेगवान शटर) १/२०० नाहीतर १/२५० सेकंद, म्हणजे कडक उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० ला अपर्चर (लेन्सचं भोक) बारीक होऊन एफ/११ च्या आसपास जातं आणि मागचा ब्लर गेला. एफ/२.८ चं मोठं भोकच पाहिजे तर हाय स्पीड सिंक (सिंक स्पीडहून वेगवान शटरलाही फ्लॅश चालवायची सोय), त्यात पॉवर लय कमी होते, फ्लॅश जवळ आणावा लागतो, कारण अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो. टीटीएलवर (कॅमेराच फ्लॅशचा जोर ठरवतो तो मोड) कॉम्पेन्सेशन, म्हणजे त्या जोरातली कमी-जास्त, -१ ते -२ ठेवा, नाहीतर चेहरा आधार कार्डावरच्यासारखा सपाट.

माझ्या मते घाटावर सावलीच्या कडेला रिफ्लेक्टर, किल्ल्यावर मात्र फ्लॅशच. सेल जास्तीचे घ्या, हाय स्पीडला भराभर उतरतात.