दहा दिवस बसले, दहा दिवस वाढलं: एका मेसवालीची विपश्यना

विपश्यनेच्या ध्यानशिबिरात दहा दिवस राहणं, सकाळचा नाश्ता, दुपारचं जेवण, संध्याकाळचा चहा, गादी, पांघरूण. आणि शेवटी बिलच नाही. सदाशिव पेठेत एकवीस वर्षं मेस चालवणाऱ्या बाईला हे पचणं अवघड होतं. पहिले दोन दिवस श्वास बघायचा सोडून मी ताटं मोजत होते. बायकांच्या बाजूला साधारण साठ, पुरुषांकडे चाळीस धरा. शंभर ताटं गुणिले दहा दिवस. गॅस, दूध, भाजी, कामाच्या बायका. डोळे मिटून हिशेब इतका छान जमतो, हे तिथंच कळलं.

केंद्राचं नाव लिहीत नाही, कारण पुढं थोडी कुरकूर आहे आणि ती जाहीर करून मला कुणाला दुखवायचं नाही. तशीही शिस्त सगळीकडे एकच, इगतपुरीला जा नाहीतर आणखी कुठं. प्रवचनंही त्याच आवाजात, ही विपश्यना शिकवणाऱ्या सत्यनारायण गोयंकांच्या. ते २०१३ साली गेले, पण शिबिर अजून त्यांच्या ध्वनिमुद्रणांवरच चालतं. हा माणूस मूळचा ब्रह्मदेशातला, मंडालेचा, मारवाडी व्यापारी घरातला. अर्धशिशीनं बेजार झाले म्हणून तिथले विपश्यनेचे गुरू सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले, तर त्यांनी आधी घ्यायलाच नकार दिला. नुसतं डोकं दुखतंय म्हणून येत असशील तर येऊ नको, म्हणाले. ऊ बा खिन स्वतः सरकारी नोकरीत, ब्रह्मदेशाचे महालेखापाल. हिशेबातला माणूस म्हटल्यावर माझा जरा विश्वास बसला. गोयंका १९६९ मध्ये भारतात आले आणि १९७६ पासून इगतपुरीचं धम्मगिरी केंद्र सुरू झालं.

मी गेले त्याला कारण माझा राग. माझ्याकडे बहुतेक मुलं स्पर्धा परीक्षेची. दिवसभर अभ्यासिकेत, जेवायला माझ्याकडे. ती मला मावशी म्हणतात आणि माघारी ‘तोफ’ म्हणतात, हे मला ठाऊक आहे. कार्ड संपलेल्या मुलाला मी सगळ्यांसमोर हटकायचे. बीपीची गोळी सुरू झाली, तरी तोंड तसंच. शेवटी मुलीनं ऑनलाइन फॉर्म भरला आणि जाऊबाईंना मेस सांभाळायला बसवलं. माझं मत कुणी विचारलं नाही.

फॉर्ममध्ये आजार आणि औषधं विचारतात. तिथं खरं लिहा. मनाच्या आजाराची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांशी बोला आणि केंद्रालाही सांगा. दहा दिवस गप्प, एकटं आणि आपल्याच डोक्यात राहणं प्रत्येकाला सोसतंच असं नाही.

दिनक्रम ऐकूनच निम्मे लोक परत फिरतील. पहाटे चारला घंटा, साडेचारला ध्यान, साडेसहाला नाश्ता, अकराला जेवण, पाचला चहा, सातला प्रवचन, साडेनऊला दिवे बंद. दिवसभरात मिळून दहा-अकरा तास बसायचं. फोन जमा, वही-पेन जमा. बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, कुणाच्या डोळ्यांत बघायचं नाही. याला आर्य मौन म्हणतात. माझ्या खोलीतल्या बाई रात्री घोरायच्या, आणि सकाळी त्यांना ‘झोप लागली का’ एवढंही विचारता येत नव्हतं. सातव्या दिवशी मला त्यांच्या घोरण्याची सवय झाली. आठव्या रात्री त्या घोरल्या नाहीत, तर मीच जागी.

पहिले साडेतीन दिवस फक्त नाकाशी येणारा-जाणारा श्वास, आनापान. चौथ्या दिवशी दुपारी विपश्यना देतात, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत अंगावर काय जाणवतंय ते बघत जायचं आणि त्यावर काही करायचं नाही. मग अधिष्ठान: एक तास हात, पाय, डोळे उघडायचे नाहीत. पस्तिसाव्या मिनिटाला माझ्या डाव्या गुडघ्यात कुणीतरी सांडशी घालून पिळतंय असं वाटलं. मी कळ सोसत होते, आणि त्या कळीच्या पाठोपाठ कोण आलं तर आमच्या गॅस एजन्सीचा माणूस. दोन वर्षांपूर्वी सिलिंडर वेळेवर आला नव्हता, ते भांडण. गुडघा दुखतोय त्यात त्याचा काय संबंध? पण आला. त्याच्यावर मी पुन्हा एकदा मनातल्या मनात ओरडून घेतलं. मग लक्षात आलं, तो बिचारा घरी जेवून झोपला असेल. जळतंय ते इथं, माझ्या गुडघ्यात. हे कुणी मला सांगितलं असतं तर मी ‘हो का’ म्हटलं असतं. तिथं ते अंगावर कळलं.

आता केळ्याची गोष्ट. संध्याकाळी पाचला नव्या साधकांना चहा, चुरमुरे आणि एक फळ. जुन्या साधकांना नुसतं लिंबूपाणी. त्यानंतर सकाळपर्यंत काही नाही. मी रात्री साडेदहाला, सगळ्यांचं आवरल्यावर जेवणारी बाई. दुसऱ्या रात्री पोटात इतका खड्डा पडला की तिसऱ्या दिवशी मी एक केळं खाल्लं आणि एक ओढणीत घातलं. पहिल्याच संध्याकाळी पंचशील घेतलं होतं, त्यातलं दुसरं शील चोरी न करण्याचं. टोपलीपाशी एक धम्मसेविका, म्हणजे सेवेला आलेली बाई, उभी होती. तिनं बघितलं. नक्की बघितलं, कारण मी एकवीस वर्षं टोपलीपाशी उभी राहणारी बाई आहे, बघितल्यावर चेहरा कसा होतो ते मला कळतं. तिनं टोपली बोटभर माझ्याकडे सरकवली आणि पाठ फिरवून कप लावायला लागली.

ते केळं मी रात्री अंधारात बाथरूममध्ये उभ्यानं खाल्लं. पिकलेलं, थोडं काळं पडलेलं. इतकी लाज मला कधी कुणाच्या बोलण्यानं वाटली नव्हती.

दहाव्या दिवशी सकाळी मैत्री शिकवतात, सगळ्यांचं भलं होवो अशी भावना करायची, आणि मग मौन सुटतं. एकदम शंभर माणसं बोलायला लागतात, लग्नाच्या पंगतीसारखं. माझी खरी तक्रार इथं आहे. नऊ दिवस स्वतःच्या आत, आणि दुसऱ्यासाठी मायेचा धडा शेवटी, तोही थोडकाच. मग दुसऱ्या दिवशी सकाळी पिशव्या उचलायच्या. अकराव्या दिवशी घरी आलेली मी खूप हळू बोलत होते म्हणे. पंधराव्या दिवशी तोफ परत सुरू. सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायला सांगतात. पोळ्यांची कणीक पहाटे पाचला मळायची असते, कुठला तास? मी अर्धा बसते, कधी तोही नाही.

म्हणून मी अकरा महिन्यांनी पुन्हा गेले, पण सेवेला. एक शिबिर पूर्ण केलं की धम्मसेविका म्हणून जाता येतं. पगार नाही. दिवसातून तीनदा सगळ्यांबरोबर तासभर बसायचं, बाकी वेळ काम. स्वयंपाकाला गावातल्या बायका होत्या. आमच्याकडे वाढणं, टेबलं पुसणं, भाज्या निवडणं, मोठी पातेली घासणं. आणि पहाटे चारची घंटा. ती घेऊन अंधारात खोल्यांपुढून वाजवत फिरायचं. ज्या आवाजाला मी दहा दिवस शिव्या घातल्या, तो आता माझ्या हातात होता. पहिल्या दिवशी जरा जोरातच वाजवली.

स्वयंपाकघराबद्दल धंद्याच्या नजरेनं सांगते. स्वच्छता उत्तम, ओटा तीनदा पुसला जातो. वरण पातळ, पण रोज ताजं. भाज्यांना तिखट बेताचं, तेल कमी, हे बसणाऱ्या माणसाला बरंच. पोळ्या मात्र लवकर करून ठेवतात, अकरापर्यंत चिवट होतात. मी फडक्यात गुंडाळून झाकणाखाली ठेवायला सांगितलं, तर दोन दिवस ऐकलं. ताक फार आंबट. बायकांच्या बाजूला गरम पाण्याच्या बंबाला पहाटे रांग लागते. गाद्या पातळ आहेत.

सेवेकऱ्यांना नियम असा की साधकावर चिडायचं नाही, टाकून बोलायचं नाही. काही सांगायचंच असेल तर हळू. एक आजी रोज तीनदा गरम पाण्याला यायच्या, नेमकं मी हात साबणात घातले की. माझ्याबरोबरची एक सेविका कप धुऊन पालथे न घालता सुलटे ठेवायची. मी दर वेळी पालथे करायची, ती दर वेळी सुलटे. तोंड बंद ठेवायची सवय बसून लागली नव्हती, ती त्या कपांनी लावली. पाचव्या दिवशी मी विचारलं, का गं, असं का? ती म्हणाली, “खालचं टेबल ओलं असतं, मावशी.” टेबल खरंच ओलं होतं.

सहाव्या संध्याकाळी फळाच्या टोपलीपाशी मी उभी होते. विशीतली एक मुलगी, केसांना रबर, मनगटावर पेनाच्या शाईचा डाग अजून गेलेला नाही. तिनं एक केळं ताटलीत घेतलं आणि दुसरं शालीत. माझ्या तोंडात शब्द येऊन उभा राहिला होता. रोज सत्तर मुलांवर नजर ठेवणारी बाई मी, ‘ए, ते काय आहे’ आपोआप निघतं. निघालं नाही. टोपली जरा पुढं केली आणि चमचे मोजायला लागले. चमचे तीसच होते, मी दोनदा मोजले.

पहिल्या वेळच्या दानाचं सांगायचं राहिलं. जो शिबिर पूर्ण करतो त्याच्याचकडून पैसे घेतात. अर्ध्यात निघून गेलात तर द्यायचे म्हटले तरी घेत नाहीत. म्हणजे तुम्ही जे जेवता ते आधी बसून गेलेल्या कुणीतरी भरलेलं, आणि तुम्ही भरता ते पुढच्याचं. मी माझ्या मेसच्या दरानं हिशेब करून पैसे दिले आणि वर केळ्याचे वेगळे. पावती करणाऱ्या काकांनी वरचे आठ रुपये कशाचे विचारलं नाही.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो गाद्यांचा, बंबाचा आणि आचार्यांना भेटायला मिळणाऱ्या पाच मिनिटांचा. एवढ्यात प्रश्न नीट विचारूनही होत नाही. ‘हाच मार्ग’ असा सूर प्रवचनात अधूनमधून लागतो, तो मला तेव्हाही रुचला नाही. बीपीची गोळी चालू आहे, ती विपश्यनेनं गेली असं कुणाला सांगू नका. जाणार असाल तर लोकरीचे मोजे आणि ओढणीऐवजी जाड शाल न्या. गुडघे दुखत असतील तर पहिल्याच दिवशी खुर्ची मागा. मी चौथ्या दिवसापर्यंत लाजले, ते उगाच. आणि एकदा बसलात तर वर्षाच्या आत एकदा वाढायला जा. माझ्या मते अर्धं शिबिर तिथं आहे.

माझ्याकडे रविवारी दुपारी फीस्ट असते आणि संध्याकाळी मेस बंद. तीनदा पूर्व परीक्षा नापास झालेला एक मुलगा दर रविवारी दोन पोळ्या वर्तमानपत्रात गुंडाळून खिशात घालतो, रात्रीसाठी. पूर्वी मी त्याला एकदा दारात पकडून पोळ्या बाहेर काढायला लावल्या होत्या, सगळ्यांसमोर. तरी तो माझ्याकडेच जेवतो, दुसरीकडे महाग पडतं. आता रविवारी पोळ्यांच्या बाईंना मी चार पोळ्या जास्त लाटायला सांगते. दाराजवळच्या टेबलावर एक डबा असतो, त्यात त्या ठेवते, शेजारी लोणच्याची बरणी. आणि फीस्ट संपत आली की मी आत भांड्यांपाशी जाते. वहीत त्या चार पोळ्या ‘करपल्या’ म्हणून लिहिते. जाऊबाई परवा वही बघून म्हणाल्या, हल्ली रविवारच्या रविवार नेमक्या चारच पोळ्या कशा करपतात तुमच्या?