दोन एस, दोन टी: गोळ्यांच्या डबीचा आठ महिन्यांचा अनुभव

माझ्या वडिलांच्या हृदयाचे ठोके गेल्या दोन वर्षांपासून अनियमित आहेत. डॉक्टर त्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. बेळगावच्या शहापुरात आयुष्यभर माग चालवलेले बाबा मात्र ‘धोटा (मागात आडवा धागा नेणारा) मध्येच अडकतो’ एवढेच सांगतात, आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनाही ते वर्णन पटले होते. या आजारात हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होण्याचा व ती मेंदूकडे जाण्याचा धोका असतो. त्यामुळे बाबांना सकाळी ठोक्यांची गती आटोक्यात ठेवणाऱ्या डिगॉक्सिन आणि मेटोप्रोलॉल, तर रात्री रक्त पातळ ठेवणारी एसिनोकुमारॉल, अशा गोळ्या सुरू झाल्या. डिगॉक्सिन सोमवार ते शुक्रवारच घ्यायची, शनिवार-रविवार सुट्टी. आणि रात्रीची गोळी सोमवार, बुधवार, शुक्रवारी पूर्ण, एरवी अर्धी. हा हिशेब आईच्या डोक्यात पक्का बसला होता, पण ती चार दिवस माहेरी खानापूरला गेली की घरातले आम्ही सगळेच गोंधळत असू. म्हणून शहरातील एका सर्जिकल दुकानातून अठ्ठावीस कप्प्यांची प्लॅस्टिकची डबी एकशे ऐंशी रुपयांना आणली. हे परीक्षण त्या डबीचे आहे.

डबीचा मुख्य उपयोग ती चोख करते. ‘आज गोळी घेतली की नाही’ हा प्रश्न आमच्या घरात रोज निघत असे, आणि बाबांचे उत्तर ‘घेतली असेल’ असे असायचे. या औषधांच्या बाबतीत ते उत्तर चालत नाही. रक्त पातळ करणारी गोळी विसरली, तर त्याच दिवशी आठवल्यावर घ्यावी आणि दुसऱ्या दिवशी दोन घेऊन भरपाई करू नये, असे आम्हाला सांगितलेले आहे. पण विसरली हेच कळले नाही तर ही सूचना कोणत्या कामाची? रिकामा कप्पा पाहून ते कळते. डबी आल्यानंतर बाबांचा आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते दाखवणारा तपासणीतला आकडा) हवा तसा दोन ते तीनच्या मध्ये टिकू लागला. त्याचे सगळे श्रेय मी प्लॅस्टिकला देणार नाही, कारण त्याच सुमारास आईने पालेभाजीचे प्रमाणही (तिच्यातील के जीवनसत्त्वाने या गोळीचा जोर कमी होतो) रोज साधारण सारखे ठेवायला सुरुवात केली होती.

आता दोष. डबीवर वारांची इंग्रजी आद्याक्षरे उठावात छापली आहेत: एस, एम, टी, डब्ल्यू, टी, एफ, एस. म्हणजे एस दोन आणि टीही दोन. त्यावर कडी म्हणजे डबी उलटी धरली तर डब्ल्यूचा एम होतो आणि एमचा डब्ल्यू. चूक दाखवून देणारी अक्षरे एफ आणि टी तेवढी उरतात. दोन्ही एसच्या दिवशी डिगॉक्सिनची सुट्टीच असल्याने तिथे आम्ही नशिबाने वाचलो. टीने मात्र दगा दिला. तिसऱ्याच आठवड्यात मंगळवारी सकाळी बाबांनी गुरुवारचा कप्पा उघडून गोळ्या घेतल्या. दहाच्या सुमारास आईने मंगळवारचा कप्पा भरलेला पाहिला, ‘अहो, आज गोळ्या घेतल्याच नाहीत की’ म्हणत पाणी आणले, आणि बाबांनीही विश्वासाने त्या गिळल्या. चूक ध्यानात आली ती दुपारी, गुरुवारचा कप्पा रिकामा दिसला तेव्हा.

डिगॉक्सिनच्या उपयोगी आणि घातक प्रमाणांत अंतर फार थोडे असते. भूक जाणे, मळमळ, उलटी, गोंधळल्यासारखे होणे, दिव्याभोवती पिवळसर वलय दिसणे आणि नाडी मंदावणे ही तिच्या विषबाधेची लक्षणे आहेत. मी मनगटावर बोट ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजली (ठोके अनियमित असताना पंधरा सेकंद मोजून चारने गुणणे फसवे ठरते), ती बावन्न भरली. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी लगेच बोलावून ईसीजी काढला, काही तास देखरेखीखाली ठेवले आणि दुसऱ्या सकाळची डिगॉक्सिन थांबवली. पुढे काही बिघडले नाही. त्या रात्री आईने मंगळवारच्या झाकणांवर गणपतीचा म्हणून लाल आणि गुरुवारच्या झाकणांवर दत्ताचा म्हणून पिवळा रंग लावला. मी बाकीच्या वारांवर ‘सो’, ‘बु’ अशा चिकटपट्ट्या लावल्या. हे काम डबी बनवणाऱ्याने करायला हवे होते. बेळगावात विकायच्या डबीवर मराठी किंवा कन्नड अक्षरे असू नयेत, याचे मला नवल वाटते. औषध दुकानातल्या पाकिटावर ‘बेळिग्गे (सकाळी), मध्याह्न, रात्री’ कन्नड लिपीत छापलेले असते; बाबा बाजारात कन्नड अस्खलित बोलतात, पण लिपी त्यांना वाचता येत नाही. निदान डबीने ती अडचण दूर करावी, अशी अपेक्षा होती.

दुसरी गोष्ट दोषाची नसून मर्यादेची आहे, आणि ती डबीच्या खोक्यावर कुठेच लिहिलेली नाही. प्रत्येक औषध अशा डबीत काढून ठेवता येत नाही. खानापूरच्या माझ्या मावशीला रक्ताच्या गुठळीसाठीच डॅबिगॅट्रान ही कॅप्सूल आहे. ती ओलाव्याने खराब होते, म्हणून मूळ वेष्टनातच ठेवावी लागते आणि घेण्याच्या वेळीच बाहेर काढावी लागते. शिवाय ती उघडून आतील दाणे घेणेही धोक्याचे, कारण मग औषध ठरल्यापेक्षा जास्त शोषले जाते. खानापुरात पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटते, तिथे या सैल झाकणांचा काय टिकाव लागणार? मावशीसाठी हीच डबी घ्यायचा आमचा विचार होता, तो सोडला.

डबीसोबत गोळी अर्धी करण्याचे छोटे कटर मिळते. रात्रीची गोळी त्याने बरी कापली जाते. मेटोप्रोलॉल मात्र बाबांना हळूहळू सुटणाऱ्या प्रकारातील आहे; ती चावायची किंवा कुटायची नसते, हे आम्ही औषधविक्रेत्याकडून नीट समजून घेतले.

मध्यंतरी बाबांना ठोक्यांची लय सुधारणारी एमिओडॅरोन सुरू झाली, तेव्हा डबीची खरी परीक्षा झाली. या औषधामुळे रक्तातील डिगॉक्सिन वाढते आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा जोरही वाढतो, म्हणून डॉक्टरांनी डिगॉक्सिन निम्मी केली, रात्रीची गोळी कमी केली आणि आयएनआर लवकर लवकर तपासायला सांगितले. चिठ्ठी बदलली ती बुधवारी, आणि डबी रविवारपर्यंत जुन्या मापाने भरलेली! घरी येताच सगळे कप्पे ताटात उपडे केले आणि चिठ्ठी समोर ठेवून डबी पुन्हा भरली. एमिओडॅरोनच्या दोनशे मिलिग्रॅमच्या गोळीत सुमारे पंचाहत्तर मिलिग्रॅम आयोडीन असते, त्यामुळे थायरॉइडची, आणि सोबत यकृताची, तपासणी दर सहा महिन्यांनी करायची आहे. ती तारीख डबीच्या तळाला चिकटवली आहे.

स्ट्रिपमधून गोळी बाहेर निघाली की तिचे नाव आणि मुदतीची तारीख दोन्ही जातात. सुटी पट्टी कापून देताना दुकानदार बहुधा तारखेचाच तुकडा स्वतःकडे ठेवतो. आम्ही आता पूर्ण पट्टीच मागतो. कोल्हापूरला लग्नाला जाताना डबीबरोबर रिकाम्या स्ट्रिपा आणि चिठ्ठीचा फोटो घेतो. त्याचा उपयोग तिथेच झाला. अंगदुखीवर एका नातेवाइकाने बाबांना डायक्लोफेनॅक देऊ केली, आणि चिठ्ठी दाखवल्यावर तिथल्या औषधविक्रेत्याने ती घेऊ दिली नाही, कारण रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर तिने रक्तस्राव होऊ शकतो.

झाकणे बाबांच्या राठ बोटांना सहज उघडतात, ही सोय आहे. पण ती माझ्या तीन वर्षांच्या मुलालाही तितकीच सहज उघडतात. लहान मुलाला यातली एकदोन गोळ्याही भारी पडू शकतात, म्हणून डबी फडताळाच्या वरच्या खणात कुलपात असते.

पाचपैकी मी तीन गुण देतो. आठ महिन्यांत बुधवारच्या सकाळच्या झाकणाची बिजागरी तुटली. दुकानात सुटे झाकण मिळत नाही, नवी डबी घ्या म्हणतात. बुधवारच्या गोळ्या सध्या रबरबँडखाली आहेत.