गायो ऑरगॅनिक कॉफी: घेण्याआधी पाकीट नीट वाचा

इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटाच्या उत्तर टोकाला, आचे प्रांतात, ताकेंगोन गाव आणि लाउत तावार तलावाच्या भोवती गायोचा डोंगराळ मुलूख आहे. बुर नि तेलोंग हा ज्वालामुखी इथलाच. साधारण 1200 ते 1600 मीटर उंचीवर, सुबाभळीच्या सावलीत इथली अरेबिका जातीची कॉफी होते. बागा छोट्या, घरच्या माणसांनी राखलेल्या. ऑरगॅनिक प्रमाणपत्र बहुधा सहकारी संस्थेमार्फत सगळ्यांचं मिळून असतं.

'ज्वालामुखीची सुपीक माती' हे शब्द पाकिटावर सर्वांत ठळक दिसतात. त्यावर जाऊ नका. दख्खनचा बेसॉल्ट खडकही ज्वालामुखीचाच, पण त्याच्या चिकण काळ्या मातीत पाणी साचलं की कॉफीची मुळं कुजतात. राखेची तरुण माती भुसभुशीत असते. ओल धरते आणि जास्तीचं पाणी सोडून देते, हा तिचा खरा फायदा. खोट अशी की फॉस्फरस ती घट्ट धरून बसते, झाडाला सहज देत नाही. म्हणून रासायनिक खताविना बाग चालवायची तर फळांच्या सालींचं कंपोस्ट आणि शेणखत देत राहावं लागतं.

कपात जे जाणवतं ते मुख्यतः प्रक्रियेमुळे. इतरत्र गर काढून धुतलेली कॉफी टरफलासकट 11-12 टक्के ओलाव्यापर्यंत वाळवतात. इथे हवा दमट, पाऊस वरचेवर. म्हणून 30 ते 40 टक्के ओल असतानाच हलरमध्ये टरफल काढतात आणि उघडा दाणा वाळवतात. या पद्धतीला तिकडे गिलिंग बासा म्हणतात. त्यातून निळसर हिरवा दाणा, कमी आंबटपणा, जड अंग (तोंडात जाणवणारा दाटपणा) आणि देवदार, मसाले, कडू चॉकलेट यांच्याकडे झुकणारी चव मिळते. मॉन्सून्ड मलबार (पावसाळी दमट वाऱ्यात मुरवलेली भारतीय कॉफी) आवडणाऱ्याला ही कॉफी लगेच जवळची वाटेल. फळांची तरतरीत आंबट चव शोधणाऱ्याने दुसरं काही घ्यावं.

बिघडतं तेही इथेच. ओला दाणा मऊ असतो, हलरच्या दाबाने त्याचं टोक चिरतं. वाळवण लांबलं तर बुरशी धरते. पावसाने भिजलेल्या मातीचा वास या कॉफीला शोभतो, कोंदट गोणपाटाचा नाही; तो आला तर पाकीट सरळ परत करावं. इंडोनेशियाच्या मानकात पहिल्या दर्जाच्या 300 ग्रॅम कच्च्या दाण्यांत दोषांची बेरीज 11 च्या वर जाता कामा नये. भाजलेल्या पाकिटात ती मोजता येत नाही, पण मूठभर दाणे ताटलीत पसरा. टाचणीएवढी भोकं म्हणजे फळ पोखरणारा भुंगेरा. ऑरगॅनिक बागेत त्याला आवरायचं ते अल्कोहोलचे सापळे लावून आणि झाडावर उरलेली फळं वेचून, त्यामुळे एखादा भोकाचा दाणा क्षम्य, दहा नव्हेत. तेलाने चकाकणारी काळी भाजणी तर टाळाच, तिच्यामागे सगळे दोष लपतात.

मध्यम भाजणी, दाणे अख्खे, भाजल्याची तारीख छापलेली, असं 250 ग्रॅमचं पाकीट घ्यावं. भारतात विकताना ऑरगॅनिक मालाचं 'जैविक भारत' हे सरकारी चिन्ह हवं. नुसतं हिरवं पान छापल्याने काही सिद्ध होत नाही.

फ्रेंच प्रेसमध्ये ही सर्वांत खुलते: 30 ग्रॅम जाडसर दळण, 92-93 अंशांचं 500 मिली पाणी, चार मिनिटं. वरचा थर ढवळून फेस काढून टाका आणि दांडा तळापर्यंत न दाबता ओता, नाहीतर गाळ उठून चव आणखी मातकट होते. कागदी गाळणीत 15 ग्रॅमला 240 मिली, पण तिथे अंग पातळ पडतं. दूध चालतं. चिकोरी घालणार असाल तर इतके पैसे मोजू नका, साधी कुर्गची पूड पुरते.